खिडकीतला डोंगर दुय्यम नाही

धावत्या रेल्वेतून टिपलेलं छायाचित्र हे निसर्गचित्र नसतं, ती प्रवासाची आठवण असते, असं एक मत पिंपरी-चिंचवडच्या हौशी छायाचित्रकारांच्या बैठकांत गेली काही वर्षं ऐकू येतं. ते इतक्या वेळा ऐकलं आहे की आता कोणी तपासूनही पाहत नाही. खरा निसर्गछायाचित्रकार पहाटे तीनला मोटार काढतो, डोंगर चढतो, ट्रायपॉड लावतो आणि उजेडाची वाट पाहतो. खिडकीशी बसून बटण दाबणारा तो नुसता पर्यटक. अलीकडे ही समजूत नियमातही उतरली आहे. एका स्थानिक प्रदर्शनाच्या आवाहनात मी अट वाचली, की वाहनातून काढलेली छायाचित्रं निसर्ग विभागात स्वीकारली जाणार नाहीत.

हे म्हणणारे लोक अनाडी नाहीत. त्यांतले काही माझे जुने मित्र आहेत आणि त्यांचं काम मला मनापासून आवडतं. पण या बाबतीत ते चुकतात. त्यांची ही चूक साधीसुधीही नाही, कारण तिच्यामुळे या पट्ट्यातल्या कितीतरी कामगार-छायाचित्रकारांना त्यांच्या हाताशी असलेलं सगळ्यात चांगलं साधनच कमअस्सल वाटू लागलं आहे. म्हणून याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वाट पाहण्याचा आहे, तोच आधी घेतो. निसर्गचित्राला धीर लागतो हे मला मान्य आहे. पण धीर म्हणजे एकाच जागी तासन्‌तास बसणं, हे कोणी ठरवलं? अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं नाव आमच्या बैठकीत देवासारखं घेतलं जातं. त्याचं ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हे छायाचित्र 1 नोव्हेंबर 1941 चं. तो मोटारीतून परत निघाला होता. वाटेत खेड्यावर उगवलेला चंद्र आणि मावळतीच्या उजेडात चमकणारे स्मशानातले क्रूस दिसले, तशी त्याने घाईने गाडी बाजूला घेतली. धावपळीत उजेड मोजायचा मीटर सापडेना. चंद्राची दीप्ती किती हे त्याला ठाऊक होतं, त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशोब केला आणि एक फिल्म टिपली. दुसरी घ्यायच्या आत क्रूसांवरचा उजेड गेला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या निसर्गचित्रांपैकी एक असं काही क्षणांत झालं. ते ज्याच्या बळावर झालं ती आधीची तयारी होती. ही तयारी डोंगरमाथ्यावर होते तशी रेल्वेच्या बाकावरही होते.

रेल्वेच्या प्रवाशालाही वाट पाहावी लागते, फक्त त्याचं वाट पाहणं वर्षभर पसरलेलं असतं. चिंचवडहून लोणावळा लोकल धरणारा माणूस कामशेत ते मळवली हा टप्पा त्याच वेळेला, त्याच उंचीवरून, त्याच कोनातून पुन्हा पुन्हा पाहतो. मे महिन्यात भाताच्या खाचरांच्या कोपऱ्यात भाजलेल्या राबाचे काळे चौकोन दिसतात. पाऊस पडला की त्याच चौकोनांत पोपटी रोपं दाटतात. जुलैत लावणी होते, तेव्हा सगळी खाचरं पाण्याने भरलेली असतात आणि लोहगड-विसापूर उलटे होऊन त्यांत उतरतात. ऑक्टोबरच्या अखेरीस पीक पिवळं पडतं आणि कापणीनंतर उरतात नुसते धसकटांचे पट्टे. ही मालिका डोंगरावर ट्रायपॉड लावून मिळवायची, तर वर्षभर दर आठवड्याला नेमक्या त्याच दगडावर जाऊन उभं राहावं लागेल. रेल्वेचं वेळापत्रक हे काम आपल्यासाठी करतं.

यात अंदाजपंचे काहीच नाही. रुळालगतच्या विजेच्या प्रत्येक खांबावर एक पाटी असते. वर किलोमीटरचा आकडा, खाली त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक. ज्याला मनापासून काम करायचं आहे तो वहीत हे आकडे टिपून ठेवतो: कुठल्या खांबानंतर झाडी संपते, कुठे बांध आडवा येतो, कुठून विसापूरची तटबंदी आणि भाज्याची कडेपट्टी एका चौकटीत बसते. पुढच्या खेपेला तो त्या खांबाच्या बराच आधी कॅमेरा डोळ्याला लावून तयार असतो. अशी वही बाळगणाऱ्या माणसाला पर्यटक म्हणणं अन्यायाचं आहे.

आता तांत्रिक आक्षेप. गाडी हलते, चित्र धूसर येतं, असं सांगितलं जातं. हे म्हणणाऱ्यांनी एकदा कागदावर गणित मांडून पाहावं. ताशी 90 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला 25 मीटर. शटर एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतं उघडलं, तर तेवढ्यात गाडी 10 सेंटिमीटर सरकते. डोंगर एक किलोमीटर दूर असेल आणि भिंग 35 मिलिमीटरचं असेल, तर सेन्सरवर तो डोंगर सरकतो मिलिमीटरच्या तीन-चार हजारांशाइतका, म्हणजे नेहमीच्या चोवीस मेगापिक्सेल फुल-फ्रेम कॅमेऱ्यातल्या एका पिक्सेलपेक्षाही कमी. डोंगर धारदारच येणार. पुसली जाते ती रुळालगतची, दहा मीटरवरची बाभूळ, आणि ती दोन हजाराव्या भागाच्या शटरलाही थोडी पुसली जातेच. तेव्हा जवळचं वाहून गेलेलं आणि लांबचं खिळलेलं असं चित्र गाडीतून सहज मिळतं. कोणाला ते नको असेल तर त्याने जिथे लाइन भरावावरून जाते आणि जवळ काही नसतं अशी जागा निवडावी. गाडीतून चांगलं चित्र येऊच शकत नाही, हे म्हणणं मात्र गणितात टिकत नाही.

काचेचं दुखणं खरं आहे, पण ते वातानुकूलित डब्याचं आहे. तिथे भिंगाला रबराचा हूड लावून तो काचेशी टेकवायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि पोलरायझर घरी ठेवायचा, कारण कडक केलेल्या काचेवर त्याने डाग उमटतात. साध्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यात काच वर सरकते, आडव्या गजांमधून भिंग बसतं आणि उघडी हवा मिळते. तारा आणि खांब मध्ये येतात म्हणावं, तर दोन खांबांमध्ये दोन-अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात सराईत माणसाच्या दोन-तीन फ्रेम होतात.

मोटारवाल्यांचं आवडतं वाक्य म्हणजे, आम्ही हवं तिथे थांबू शकतो. कुठे थांबता? मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर खंडाळ्याच्या उतारात छायाचित्रासाठी गाडी उभी करणं बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही आहे. जुन्या हमरस्त्यावर शनिवार-रविवारी लोणावळ्यात शिरायला किती वेळ लागतो ते चिंचवडच्या माणसाला सांगायला नको. 2024 च्या जूनअखेरीस भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्यानंतर प्रशासनाने पावसाळ्यात अशा ठिकाणांवर निर्बंध घातले. तेव्हा हवं तिथे थांबण्याचा अर्थ प्रत्यक्षात उरतो तो ठरलेल्या चार-पाच पॉइंटांवर, ठरलेल्या कठड्याशी, ठरलेल्या कोनात उभं राहणं. दरवर्षीच्या प्रदर्शनात टायगर पॉइंटची तीच ती दरी भिंतीवर दिसते, ती यामुळेच.

उलट घाटात गाडीच थांबते. मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या ब्रेकच्या तपासणीसाठी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थोडा वेळ उभ्या राहतात. तिथे मोटारीचा रस्ता जात नाही. पुण्याहून जाताना उजव्या हाताची खिडकी धरली तर उल्हासचं खोरं आणि राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, अशा बाजूने दिसतात की तिथे पोचायला पायी दिवस घालवावा लागेल. येताना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, त्यासाठी गाडी काही मिनिटं थांबते. बहुतेक लोक वडापावकडे धावतात. छायाचित्रकाराने ती मिनिटं काच पुसायला आणि बाजू बदलायला वापरावीत. पुढे 1 ला 37 चा चढ आहे, वेग बेताचा असतो आणि बोगद्यांमुळे उजेड सारखा उघडझाप करत राहतो. दोन बोगद्यांमधली ती उघडी जागा कधी कधी काही सेकंदांचीच असते. तिच्यासाठी एक्स्पोजर आधीच ठरवून ठेवावं लागतं, कारण अंधारातून बाहेर येताना कॅमेऱ्याचा स्वयंचलित मीटर फसतो. अ‍ॅडम्सने केला तसला मनातला हिशोब इथे प्रत्येक फेरीत करावा लागतो.

या घाटाच्या इतिहासातच आमच्या मित्रांना उत्तर आहे. पुणे-खंडाळा लोहमार्ग 1858 मध्ये सुरू झाला, पण मधला भोर घाट खुला व्हायला 1863 उजाडलं. तोवर खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत प्रवासी पालखीतून, डोलीतून, तट्टूवरून उतरत. घाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, जाणते अभियंते नेमले आणि काम तडीस नेलं. या कामाची छायाचित्रंही तिने काढली. उघडे कातळ, अर्धवट बोगदे, मजुरांनी पोखरलेले कडे. हजारो मजूर या घाटात रोगराईने आणि अपघातांनी मेले. म्हणजे भोर घाटाच्या छायाचित्रणाची सुरुवातच रेल्वेच्या कामाबरोबर झाली. निसर्ग एकीकडे आणि लोहमार्ग दुसरीकडे अशी वाटणी तेव्हाही नव्हती. आज आपण सह्याद्रीचं चित्र म्हणून रूळ कापून टाकतो, खांब पुसून टाकतो, तेव्हा त्या मजुरांनी फोडलेला कडाही आपोआप नैसर्गिक होऊन बसतो. मला हे खोटं वाटतं.

खिडकीतून गंभीर काम होत नाही, या समजुतीला पॉल फुस्को या छायाचित्रकाराने 1968 मध्येच उत्तर देऊन ठेवलं आहे. रॉबर्ट केनेडींचं शव न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला नेणाऱ्या गाडीत तो होता. 8 जूनला दिवसभर त्याने धावत्या गाडीतून, रुळाच्या कडेला निरोप द्यायला उभ्या राहिलेल्या माणसांची हजारावर छायाचित्रं काढली. माणसं स्पष्ट, आजूबाजूचं पुसलेलं, आणि मागे घरं, शेतं, कारखाने. एका देशाचा भूप्रदेश आणि त्याचं दुःख एकाच फ्रेममध्ये. ही मालिका आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहे. गाडी चालत होती म्हणून कोणी तिला कमी लेखलं नाही.

आणखी एक वाक्य मी फार ऐकलं आहे आणि त्याचा मला राग येतो: लोणावळ्याच्या अलीकडे टिपण्यासारखं आहेच काय? अलीकडे आम्ही राहतो. दापोडीला मुळेवरून गाडी जाते तेव्हा पावसाळ्यात पाणी काठ सोडून चढलेलं दिसतं आणि उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा. कासारवाडीला नाशिक फाट्याचा दुमजली पूल आणि त्यालगत मेट्रोचे खांब. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची 1954 पासूनची जुनी झाडी, मग कारखान्यांच्या करवती छपरांच्या रांगा, आकुर्डीच्या पुढे एकाएकी उघडणारं आकाश आणि घोराडेश्वरची टेकडी. या जमिनीचं रूप साठ-सत्तर वर्षांत जितकं बदललं तितकं सह्याद्रीच्या कड्यांचं हजारो वर्षांत बदललेलं नाही. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं तेव्हा इथे ज्वारी-बाजरीची रानं होती. ज्यांनी ती पाहिली ती पिढी आता थकली आहे. 1975 मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला ‘न्यू टोपोग्राफिक्स’ नावाचं प्रदर्शन भरलं. त्यात नव्या वसाहती, गोदामं, औद्योगिक इमारती, माणसाने बदललेली जमीन होती. निसर्गछायाचित्रणाच्या इतिहासात त्या प्रदर्शनाला आज मानाचं पान आहे. पन्नास वर्षांपूर्वी तिथे मिटलेला वाद आपण आपल्या उंबऱ्यावर पुन्हा उकरतो आहोत, आणि तेही आपल्याच गावाला कमी ठरवण्यासाठी. (खडकी आणि देहूरोड हा लष्करी भाग आहे. तिथे कॅमेरा मांडीवर ठेवायचा. याबद्दल वाद नाही.)

पण माझा मुख्य मुद्दा याहून पुढचा आहे. डोंगरावर उभा असलेला छायाचित्रकार एक जागा पाहतो. लांब पल्ल्याच्या गाडीतला छायाचित्रकार एका जागेतून दुसरी जागा कशी होते ते पाहतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुण्यात साधारण सातशे. अंतर 64 किलोमीटर. हा फरक कुठल्याही एका चित्रात दाखवता येत नाही. तो दाखवायला मधली सगळी जमीन लागते: मळवलीची खाचरं, वडगावपासून उतरत गेलेले डोंगर, तळेगावची मोकळी हवा.

कोयना एक्स्प्रेसचं उदाहरण घ्या. सकाळी मुंबईहून निघून रात्री कोल्हापूरला पोचणारी ही गाडी दिवसाउजेडी भोर घाट चढते, आमच्या पट्ट्यातून पुण्याला येते आणि मग दक्षिणेकडे वळते. पुढे शिंदवणे घाटाची वळणं लागतात. आंबळे, राजेवाडीच्या बाजूला पर्जन्यछायेचा कोरडा, तांबूस-करडा माळ पसरतो. जेजुरीचा डोंगर दिसतो, वाल्हं जातं, आणि नीरेला आलं की कालव्याच्या पाण्यावरचा ऊस एकदम हिरवा उठतो. ही रंगाची रेघ इतकी ठळक आहे की पाणी कुठपर्यंत पोचलं ते खिडकीतून बोट ठेवून दाखवता येतं. लोणंद सोडलं की सालप्याहून आदर्कीचा घाट. वाठारनंतर सातारचा मुलूख, मग कृष्णाकाठची काळी जमीन, साखर कारखान्यांची धुराडी, आणि किर्लोस्करवाडी. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या उजाड माळावर नांगरांचा कारखाना आणला. तेव्हा स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. आज स्टेशनच्या पाटीवरच कारखान्याच्या गावाचं नाव आहे. कारखाना हा भूप्रदेशाचा भाग कसा होतो ते पाहायला पिंपरीच्या माणसाने तिथवर जरूर जावं. अतिपावसाचा घाट, कारखान्यांचं शहर, कोरडा माळ, कालव्याचा ऊस, नदीकाठची काळी माती, हे सगळं एका दिवसात, एका तिकिटावर, एकाच बाकावरून. मोटारीतही हा पल्ला होईल, पण चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात.

कोकण रेल्वेबद्दल आणि दूधसागर धबधब्याबद्दल फार सांगत नाही, त्यांची कीर्ती पुरेशी आहे. दूधसागराबद्दल एकच सांगायचं: तिथे रुळावर उतरून छायाचित्रं काढणाऱ्यांनी आम्हा सगळ्यांचं नाव खराब केलं. 2023 च्या जुलैत अशा लोकांना रेल्वे पोलिसांनी रुळाशेजारी उठाबशा काढायला लावल्या. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली रुळावर घुसणं हा गुन्हा आहे, आणि पायरीवर लटकून प्रवास करणं कलम 156 खाली. दारात उभं राहून अर्धं अंग बाहेर काढून घेतलेल्या चित्राचं मी समर्थन करत नाही, ते कितीही सुंदर आलं असलं तरी. माझं म्हणणं खिडकीबद्दल आहे.

रेल्वेच्या मर्यादाही आहेत. ताऱ्यांची चित्रं, लांब एक्स्पोजरचे धबधबे, दवातलं कोळ्याचं जाळं हे गाडीतून होणार नाही. ते करणाऱ्यांनी डोंगर चढावेत, आम्ही त्यांना कधी खालचं म्हटलं नाही.

विस्टाडोमच्या बाजूने बोलणाऱ्यांशीही माझं पुरतं जमत नाही. 2021 च्या जूनपासून डेक्कन एक्स्प्रेसला काचेच्या छताचा हा विस्टाडोम डबा लागला, नंतर डेक्कन क्वीनला आणि प्रगतीलाही. लोकांनी खिडकीबाहेर पाहावं म्हणून रेल्वेने खास डबा बांधला, याचा मला आनंद आहे. पण गाडीतून छायाचित्रण म्हणजे विस्टाडोम असं समीकरण होऊ लागलं आहे आणि ते बरोबर नाही. फिरती खुर्ची, रुंद काच, छतावरून ओघळणारं पावसाचं पाणी हे पाहायला छान आहे. छायाचित्राला मात्र तीच काच आडवी येते, आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब पडतं, आणि भाडं दुसऱ्या वर्गाच्या कितीतरी पट. चिंचवडहून लोणावळा लोकलचं तिकीट वीस रुपयांच्या आत येतं, आणि तिची खिडकी उघडते.

पैशाचा हा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण या वादात तो कोणी उघड बोलत नाही. भोसरी, पिंपरी, चाकणच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी मुंबई-पुण्याची कचेऱ्यांची दुनिया कामावर असते, त्यामुळे सकाळची गर्दी ओसरली की गाडीत खिडकी मिळते. फर्स्ट शिफ्ट करणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि हप्त्यावर जुना कॅमेरा घेतलेल्या मुलाला हा एक दिवस आणि हे एक साधन परवडतं. चाकणला तर आजही रेल्वे स्टेशन नाही. पुणे-नाशिक लोहमार्गाची चर्चा वर्षानुवर्षं चालली, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीमुळे मार्ग बदलण्याची वेळ आली, आणि चाकणचा कामगार अजून बस धरून तळेगाव किंवा चिंचवड गाठतो. तो जोडत असलेल्या मोटारी मात्र चिंचवडहून मालगाडीत चढून देशभर जातात. अशा मुलाने गाडीतून काढलेली चित्रं घेऊन यावं आणि आपण त्याला सांगावं, की आधी मोटार घे, मग निसर्गचित्र काढ? ही अट कलेच्या कसोटीची वाटत नाही, ऐपतीची वाटते. ती लिहिणाऱ्यांच्या मनात तसं नसेलही, पण दारावर ती तेच काम करते.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. वाहनातून काढलेल्या छायाचित्रांवरची अट काढून टाका. परीक्षकांनी चौकटीत काय आलं ते पाहावं, छायाचित्रकार उभा होता की बसला होता हे विचारू नये. मालिकेसाठी वेगळा विभाग ठेवा, आणि प्रत्येक चित्राखाली गाडीचं नाव, महिना, वेळ, खिडकीची बाजू आणि खांबाचा क्रमांक लिहायला सांगा. मग त्याच खांबाशी दहा वर्षांनी दुसरा कोणी तरी चित्र काढेल आणि दोन्ही शेजारी लावता येतील. तळेगाव ते लोणावळा या पट्ट्यात बांधकाम ज्या वेगाने सरकतं आहे तो पाहता, हे काम याच पावसाळ्यात सुरू करायला हवं.